रेड्याचं ॲव्हरेज

वहिनी घरी आल्या की गल्लीला आधी मांडणीवरच्या पेल्यांकडून कळतं. पेले बारीक किणकिणायला लागतात. मग समोरच्या शिंप्याला स्वतःच्या मशीनचा आवाज ऐकू येईनासा होतो, आणि मग कोपऱ्यावरून तो भलाथोरला काळा पिकअप वळतो. त्याचा मूळ रंग गडद निळा आहे असं वहिनी म्हणतात. असेल बुवा. आपल्या वस्तूचा खरा रंग आपल्यालाच दिसतो. गल्लीने मात्र पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘रेडा’ ठेवलं आणि नाव वहिनींच्या कानावर जाईल अशी व्यवस्थाही केली. वाटलं होतं, चिडतील, दोन दिवस मजा येईल. कसलं काय! त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाल्या, “शोभतंय हो!”

दुकान खाली, घर वर. दुकान काचेचं. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलावर टाकायच्या काचा. कापायचं काम वहिनींच्या नवऱ्याचं, त्यांना सगळे दादा म्हणतात. जन्म काचेत गेल्यामुळे दादा चालतातही जपून आणि बोलतातही प्रत्येक शब्द पुठ्ठ्यात गुंडाळून. दिवसाला फार तर दहाबारा वाक्यं, त्यातली चार मापं. उरलेलं सगळं बोलणं वहिनींच्या वाट्याला आलं आहे, आणि त्यांनी ते कधी वाया जाऊ दिलेलं नाही. गिऱ्हाईक आणायचं, मापं घ्यायची, काचा पोचवायच्या, आणि पोचवताना वाटेत भेटेल त्याची खबरबात घ्यायची, हे त्यांचं खातं.

रेडा यायच्या आधी त्यांच्याकडे एक छोटा टेम्पो होता. सपाटीवर बरा होता बिचारा. पण चढ आला की तो इतका विचार करायचा, की वहिनींना वाटायचं, खाली उतरावं आणि आपणच त्याला कडेवर घेऊन जावं. एकदा मागे आरसा, पुढे चढ, आणि टेम्पो मध्येच थांबून मागे यायला लागलेला. वहिनींनी उडी मारून चाकाला दगड लावला. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, “आता घेईन तर असा घेईन, की चढालाच माझी भीती वाटली पाहिजे.”

आणि घेतला. सेकंडहँड, पण इंजिन असं की चावी फिरवल्यावर आधी पायाच्या तळव्याला कळतं, मग कानाला. वहिनी बसतात तेव्हा जगापेक्षा हातभर उंच बसतात. चौकात लाल दिवा असला की शेजारच्या गाड्यांमधली माणसं मान वर करून बघतात आणि वहिनी खिडकीवर कोपर टेकून त्यांच्याकडे अशा बघतात, जशी शाळेतली मोठी बाई बालवर्गाकडे बघते. “नुसतं मनात आणायचं की पुढे जायचंय,” त्या नळावर सांगत होत्या, “की रेडा तिथे गेलेलाच असतो. मग मी सावकाश जाऊन पोचते.” शिंप्याच्या आईला त्यांनी एकदा गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेलं. म्हातारी परत आली ती गुडघा विसरूनच. आता ती रिक्षात बसायला तयार नाही, म्हणते खाली खाली वाटतं.

असं सगळं छान चाललं असताना घरात एक माणूस मात्र होता, रेड्याचा आवाज ऐकला की ज्याच्या पोटात दुखायचं. वहिनींचे सासरे.

सासरे म्हणजे ड्रायव्हरकाका. एकतीस वर्षं बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत डिझेल कसं जपलं, तर लोकांनी तूप तसं जपलं नसेल. डेपोत सगळ्यात कमी डिझेल जाळणारा ड्रायव्हर म्हणून त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते बैठकीत टांगलेलं आहे, आणि घरची काच असल्यामुळे त्याच्यावरची काच गल्लीत सगळ्यात स्वच्छ. काकांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: उगाच क्लचवर पाय ठेवणारी, आणि सज्जन.

रेड्यात शेजारी बसले की त्यांचं प्रवचन सुरू व्हायचं.

“हॉर्न का वाजवलास?”

“बाबा, म्हैस होती मधे.”

“बघून जाईल ती. हॉर्नला बॅटरी लागते, बॅटरीला इंजिन लागतं, इंजिनाला डिझेल लागतं.”

“आणि म्हशीला धडकले असते तर?”

“तर तुझा वेग जास्त होता. म्हणजे परत डिझेलच.”

त्यांच्याशी वाद म्हणजे काचेवर खिळा ठोकणं. वहिनी हसून सोडून द्यायच्या. पण एक गोष्ट हसून सोडता येण्यासारखी नव्हती. रेडा घेताना निम्मे पैसे काकांनी घातले होते, निवृत्तीच्या पुंजीतले. आणि ते विसरणाऱ्यातले नव्हते.

एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, “रविवारी फरशीवाला येतोय. गाडी बघायला.”

वहिनींच्या हातातली गाळणी तशीच राहिली. “कुठली गाडी?”

“आपल्याकडे दुसरी कुठली आहे? त्याला दणकट गाडी हवीय, त्याचा माल जड. आपल्याला काचा न्यायच्या. काचा न्यायला रेडा कशाला? लिटरला सात देतो तो. सात! माझी बस भरल्या पोटी याहून फार मागे नव्हती. हा विकू, लहान घेऊ.”

“परत तो चढावर विचार करणारा टेम्पो?”

“विचार केलेला काय वाईट? अर्धा रेडा माझा आहे, सूनबाई.”

“कुठला अर्धा, बाबा?”

“इंजिनाकडचा.”

“म्हणजे ओझं वाहणारा माझा. बरोबरच आहे वाटणी!”

दादा चहात बघत बसले होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. दादांनी चहा संपवला आणि दुकानात जाऊन काच पुसायला घेतली.

वहिनी बोलून गेल्या चटकन, पण आत कुठेतरी लागलं होतं. लग्न झाल्यापासून बारा वर्षं त्या दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या ड्रायव्हरशेजारी बसून काचा पोचवत आल्या होत्या. हळू घ्या, जपून घ्या, खड्डा आहे, असं विनवत. मग तो टेम्पो. आणि आता कुठे एक गाडी अशी मिळाली होती, की तिला काही विनवावं लागत नव्हतं. ती जाऊ द्यायची? तीही फरशीवाल्याला?

त्या परत काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. “बाबा, तुमचा आकडा सांगा. किती दिलं तर ठेवाल?”

काकांनी मिशीवर बोट फिरवलं. “दहा.”

“ठीक. टेकडीवरच्या शाळेची ऑर्डर आहे, अठ्ठेचाळीस काचा. शनिवारच्या आत पोचवायच्यात. तुम्ही बसा शेजारी. तुम्ही म्हणाल तशी चालवते. तुमच्या हुकमात रेड्याने दहा दिलं तर तो राहणार.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर तुमच्या फरशीवाल्याला मी स्वतः किल्ली देईन. चहा देणार नाही, पण किल्ली देईन.”

सोमवारी टाकी काठोकाठ भरली आणि काकांची राजवट सुरू झाली. हुकूम पहिला: ओझं कमी. तीस काचा एका वेळी मावत असताना आठच घ्यायच्या, म्हणजे इंजिनाला त्रास नाही. हुकूम दुसरा: खिडक्या बंद, नाहीतर वारा आत शिरून गाडी अडवतो. त्यावर हुकूम तिसरा: एसी बंद. चाळिसाच्या वर काटा न्यायचा नाही, आणि वरचा गिअर लवकरात लवकर टाकायचा, चढ असो वा उतार.

शाळा जाऊन येऊन तीस किलोमीटर. एरवी वहिनी चहा गार व्हायच्या आत परत यायच्या. त्या दिवशी त्या निघाल्या आणि रेड्याच्या बंद पेटीत दोघेही उकडलेल्या बटाट्यासारखे बसले. सायकलवरचा एक दूधवाला मागून आला, बाजूने पुढे गेला आणि पुढे गेल्यावर त्याने काळजीने मागे वळून हाताने विचारलं, पंक्चर वगैरे आहे का?

“ओळखीचा आहे का?” काकांनी विचारलं.

“आता होईल,” वहिनी म्हणाल्या. “रोज भेटणार ना.”

मंगळवारीही तेच. आठ काचा, चाळीस, चौथा गिअर. रेडा कुरकुरत नव्हता, पण त्याचा आवाज नाक दाबून बोलणाऱ्या माणसासारखा झाला होता. वहिनींना तो ऐकवत नव्हता. गाणं म्हणणाऱ्याला कुजबुजायला लावल्यासारखं वाटत होतं त्यांना. पण शब्द म्हणजे शब्द. त्यांनी ओठ मिटून चालवली. वहिनींनी ओठ मिटले ही बातमी गल्लीत पहिल्यांदाच फिरली, आणि लोकांनी येऊन खात्री करून घेतली.

बुधवारी टेकडीचं शेवटचं वळण आलं. उभा चढ, आणि वळण असं की पुढचं काही दिसत नाही. वहिनींचा हात आपसूक गिअरकडे गेला.

“राहू दे चौथा,” काका म्हणाले.

“बाबा, चढणार नाही चौथ्यावर.”

“इंजिन मोठं आहे म्हणतेस ना? मग चढेल. खाली घेतलास की डिझेल ओतायला लागतो तो. राहू दे.”

वहिनींनी राहू दिला. वळणावर रेडा आतून ठोकायला लागला, ठक, ठक, ठक, थंडीने दात वाजल्यासारखा. स्टिअरिंग थरथरलं, आरसा थरथरला, काकांची मिशीसुद्धा थरथरली. मग गाडीने एक हिसका दिला. वहिनींनी झटकन दुसरा टाकला. आणि मागून आवाज आला.

लोकांना वाटतं काच फुटली की खळखळाट होतो. तो पडलेल्या काचेचा. नीट बांधलेली, दोरीने आवळलेली, पुठ्ठ्यात बसवलेली काच जाते तेव्हा एकच आवाज होतो, टिंग. छोटासा. काचेच्या घरात तो झोपेतही ओळखतात.

वर पोचल्यावर उतरून पाहिलं. मागची तिरपी लोखंडी घोडी, तिला टेकलेल्या काचा, आणि दुसऱ्या काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक रेघ.

काका वाकून ती रेघ शेवटपर्यंत बघत गेले. “एकतीस वर्षांत,” शेवटी ते म्हणाले, “माझा एक प्रवासी तडकला नव्हता.”

घरी दादांनी ती काच उतरवली, उजेडात धरली, रेघेच्या सुरुवातीला अंगठ्याने चाचपलं. मग त्यांनी दिवसाचं एक वाक्य खर्च केलं. “ही ओझ्याने नाही गेली.” आणि थोडं थांबून, चक्क दुसरंही, “काचेला वजन चालतं बाबा. थरथर नाही चालत.”

आता पुढे ताणण्यात अर्थ नव्हता; त्याच संध्याकाळी पंपावर टाकी भरून हिशेब झाला. नव्वद किलोमीटर, साडेनऊ लिटर. कसंही फिरवलं तरी दहा येत नव्हते. काकांनी कागदावर दोनदा भागाकार केला, वहिनींना दाखवला, आणि आश्चर्य म्हणजे जिंकल्यासारखे दिसले नाहीत.

“अर्ध्याने हुकलं,” ते म्हणाले.

“हुकलं ते हुकलं.” वहिनींनी कागद घडी करून परत दिला. “रविवारी किल्ली देते. पण उद्या उरलेल्या काचा पोचवायच्यात. चोवीस, आणि या तडकलेलीच्या बदली एक. निकाल लागलाय, तेव्हा उद्या तुमचे हुकूम नाहीत. उद्या माझा दिवस. येणार का शेजारी? नाही आलात तरी चालेल, तुमच्या छातीचं मला बघायला हवं.”

“माझ्या छातीला काय झालंय?” काका म्हणाले. आले.

गुरुवारी सकाळी वहिनींनी एकदम पंचवीस काचा चढवल्या. दोन बाजूंना बारा आणि तेरा, मधे पुठ्ठा, वरून पट्टे. प्रत्येक पट्टा ओढून पाहिला आणि मग त्याला अजून एकदा ओढलं. खिडकी पूर्ण खाली. कोपर बाहेर. चावी फिरवली आणि समोर शिंप्याकडचे पेले किणकिणले.

गावातल्या रस्त्यावर त्या हळूच होत्या. त्यांच्याइतकं खड्डा ओळखणारं कुणी नाही. त्या रस्ता गाडीने वाचत नाहीत, पाठीने वाचतात. पण टेकडीचा चढ लागला तसा त्यांनी तिसरा घेतला, शेवटच्या वळणाआधी दुसरा, आणि पाय टेकवला. दाबला नाही, टेकवला. रेडा छातीतून घुमला. काका दाराची कडी धरून डोळे बारीक करून बसले होते, आणि त्यांचे कान मागे होते, काचांकडे. ते टिंगची वाट बघत होते. वळण आलं, गेलं. आवाज एकसारखा, जाड, तेलात भिजलेल्या दोरासारखा. ना हिसका, ना ठोका. आरशात दिसणाऱ्या काचा जशा दुकानात उभ्या असतात तशा उभ्या. काकांनी समोरच्या काट्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं, आणि शाळेचं फाटक आलं.

पंचवीसच्या पंचवीस उतरल्या.

येताना गाडी रिकामी होती. टेकडी उतरल्यावर तो लांब सरळ रस्ता लागतो, दोन्हीकडे मोकळं रान, चिटपाखरू नाही. वहिनींनी काकांकडे पाहिलं. “धरलंय का नीट?”

“कशाला?”

वहिनींनी उत्तर पायाने दिलं. रेड्याने पुढचं तोंड जरासं उचललं आणि काका सीटमध्ये असे रुतले जसं कुणी प्रेमाने मागे ढकललं. झाडं मागे पळाली. वाऱ्याने काकांची टोपी मागच्या काचेला चिकटली.

“कुणाच्या पुढे जायचंय?” काका ओरडले.

“कुणाच्याच नाही!”

“मग?”

“मग काय, बाबा! उगीच!”

थोड्या वेळाने त्यांनी आपणहून वेग उतरवला. केस कानामागे सारले. चेहरा असा, जसा पोहून आलेल्या माणसाचा असतो.

पंपावर काका स्वतः उतरले. पंपवाल्याने नळी लावली, आकडा थांबला. साडेचार.

“परत बघ,” काका म्हणाले.

“काका, काठापर्यंत आहे. आता टाकलं तर बुटावर येईल.”

काका मनातल्या मनात भागाकार करत गाडीत बसले. “पावणेसातसुद्धा नाही,” ते म्हणाले. “बघ. मी सांगत नव्हतो?”

“सांगत होतात. बाबा, पहिल्या तीन दिवसांत किती लिटर गेलं?”

“साडेनऊ.”

“आणि शाळेत धड काचा किती पोचल्या?”

“तेवीस.”

“आज साडेचारात पंचवीस.”

काकांचा हात खिशातल्या कागदाकडे गेला.

“तुमच्या बसचं बरोबर होतं,” वहिनी गिअर टाकत म्हणाल्या, आणि आवाजात या वेळी टोमणा नव्हता. “बसला ठरलेल्या फेऱ्या. माणसं दोन असोत की साठ, बस तेवढीच पळणार. मग किलोमीटरच मोजायचे. पण शाळेच्या बाईंनी माझ्याकडे किलोमीटर कुठे मागितले? त्यांना काचा हव्या होत्या.”

काकांनी खिशातला तो कागद काढला, मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. ड्रायव्हरचा स्वभाव, उत्तर आवडलं नाही तरी आकडा खोटा लिहीत नाहीत.

“आणि एक खरं सांगू?” वहिनी म्हणाल्या. “हिशेब उलटा आला असता ना, तरी मला हाच आवडला असता. दुसरीकडे कुठेतरी हात आखडला असता मी. नवी साडी नसती घेतली. पण याच्यात बसले की मला वाटतं, मी कुणाच्या वाटेत उभी नाही, बाजूला व्हायची वेळ त्यांची. ते काही भागाकारात येत नाही, बाबा.”

काका यावर “हं” म्हणाले. त्या “हं”चा अर्थ वहिनींनी घरी पोचेपर्यंत काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. फरशीवाल्याला नको म्हणून सांगायचा फोन काही काकांनी केला नाही. शब्द दिला होता, वेळ दिली होती. एकतीस वर्षं वेळापत्रकावर जगलेला माणूस, तो येणाऱ्याला कसा थांबवणार? वहिनींनी शनिवारी संध्याकाळी रेडा धुतला. टायरसुद्धा ब्रशने घासले. विचारलं तर म्हणाल्या, “पाठवायचा तर आंघोळ घालून पाठवू.”

रविवारी फरशीवाला दहाला आला. वहिनी दारात किल्ली मुठीत धरून उभ्या. दादा दुकानाच्या पायरीवर. गल्ली अर्थातच आपापल्या खिडकीत, प्रत्येकाला नेमकं तेव्हाच कपडे वाळत घालायचे होते. फरशीवाल्याने रेड्याभोवती दोन चकरा मारल्या, टायरला बुटाने टोचलं, बॉनेट उघडून आत तोंड घातलं.

“इंजिन झकास आहे हो, काका! मला अशीच पाहिजे होती. ॲव्हरेज काय देते?”

सगळ्यांचे कान टवकारले. आकड्याच्या बाबतीत ड्रायव्हरकाका खोटं बोलणार नाहीत, हे शेजारच्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

काकांनी घसा साफ केला. “पाच.”

“पाच?”

“उतारावर.”

फरशीवाल्याने बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. “आणि चढावर?”

“चढावरचं विचारू नका. मी स्वतः विचारत नाही.”

“पण लोक तर म्हणतात, डिझेल वाचवावं तर तुम्ही!”

“म्हणून तर पाच,” काका शांतपणे म्हणाले. “दुसऱ्याच्या हातात चार.”

फरशीवाल्याने बॉनेट खाली केलं, ते अगदी अलगद. मग त्याला आठवलं की त्याला आणखी एका ठिकाणी जायचं आहे. चहा घेऊन जा, असा आग्रह वहिनींनी केला, आणि तो अगदी मनापासून होता, पण तो थांबला नाही.

गल्लीतल्या खिडक्या हळूहळू बंद झाल्या. कपडे ओलेच आत गेले. पायरीवर दादा तोंडावर फडकं धरून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

वहिनी काकांकडे बघत राहिल्या. “बाबा...”

“मंगळवारी दवाखान्याच्या काचा आहेत म्हणालीस ना?” काका टायरकडे बघत म्हणाले. “किती आहेत?”

“तीस.”

“एका फेरीत?”

“एकाच.”

काका वाकले, फरशीवाल्याच्या बुटाचा डाग टायरवरून हाताने पुसला. “मग सकाळी लवकर निघू,” ते म्हणाले. “ऊन चढलं की इंजिन उगाच तापतं.”